पियानोच्या खर्जाच्या तारा झणझणतात: सगळ्या बदलायच्या की आधी अजून काही बघायचं?

जाई_म्हार्दोळ | ४ जुलै, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी. या विभागातले पेटी-तबल्याचे धागे मी नेहमी वाचते, पियानोवर पहिल्यांदाच लिहितेय. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला निदान करता येणार नाही.

मे महिन्यात आम्ही लोटलीच्या एका जुन्या घरातून उभा पियानो आणला. माझी लेक त्या घरच्या आजींकडेच शिकायला जायची. आजी आता मुलाकडे राहायला गेल्या, जाताना म्हणाल्या, हा तुमच्याकडेच वाजू दे. सहा माणसांनी उचलून टेंपोत चढवला आणि बोरीच्या पुलावरून हळूहळू म्हार्दोळला आणला. जर्मन बनावटीचा आहे, ८५ पट्ट्या. समोर मेणबत्त्या लावायचे दोन पितळी हात आहेत. खर्जाच्या तारा तिरप्या, बाकीच्या तारांवरून गेलेल्या. त्यांच्यावरचं तांबं काळं पडलंय, कुठे कुठे हिरवा कळंकही दिसतो.

लोटलीला असताना तो चांगला वाजायचा. जूनमध्ये पाऊस धरला तेव्हापासून तीन त्रास आहेत.

डावीकडून विसावी पट्टी, म्हणजे खालचा ‘ई’, दाबली की सुरासोबत ‘झर्रर्र’ येतं. पत्र्यावर माशी अडकल्यासारखं.

अगदी डावीकडच्या पाच-सहा पट्ट्या बद्द वाजतात. सूर कळतच नाही, नुसता धप्प आवाज.

आणि खर्जात कुठलीही पट्टी सोडली की नंतर मागे बारीक किणकिण राहते.

एका माहीतगारांना बोलावलं होतं. त्यांनी पाच मिनिटं वाजवून बघितलं आणि खर्जाच्या सगळ्या तारा बदलाव्या लागतील म्हणाले. खालची फळी उघडलीसुद्धा नाही. सांगितलेला खर्च आम्हाला झेपणारा नाही. खरंच दुसरा इलाज नाही का?

खुंटी_किल्ली | ४ जुलै, रात्री १०.४०

जाईताई, तारा बदलायचं आज ठरवू नका. मी मडगावचा, २२ वर्षं पियानो लावायचं आणि दुरुस्त करायचं काम करतोय. झणझण येते म्हणून बोलावणं येतं, आणि बहुतेक ठिकाणी तार निर्दोष निघते. तारेच्या कंपनामुळे दुसरंच काहीतरी वाजत असतं.

तुमचे तीन त्रास हे तीन वेगवेगळे आजार आहेत असं माझं पहिलं मत. त्यांना एकच औषध देऊ नये. आणि पाऊस सुरू झाला म्हणून पावसालाच दोष देऊ नका. पियानो मे महिन्यात हलला, ही तितकीच मोठी गोष्ट आहे. लोखंडी चौकटीसकट दोनशे किलोच्या वरचा ऐवज टेंपोत हिंदकळत आला की सैल होण्यासारखं जे असेल ते सैल होतंच. उलट साउंडबोर्डला, म्हणजे तारांमागच्या आवाज वाढवणाऱ्या लाकडी फळीला, तडा असेल किंवा त्याची मागची एखादी आडवी पट्टी सुटली असेल, तर ती पावसात फुगून गप्प बसते आणि डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी झाली की बोलू लागते. तुमचं उलटं झालंय, म्हणून ती शंका मी सध्या मागे ठेवतो.

आधी एवढं करून सांगा. पियानोवरचं सगळं उतरवा. फोटो, फुलदाणी, घड्याळ, देवाची मूर्ती, सगळं. खोलीतल्या काचेच्या कपाटाची दारं घट्ट लावा. मग एकाने ‘ई’ वाजवत राहायचं आणि दुसऱ्याने पियानोच्या एकेका भागावर तळहात दाबून धरायचा: वरचं झाकण, बिजागऱ्या, नोटेशन ठेवायची फळी, ते पितळी हात, खालची फळी, पायडलांच्या वरचा भाग. कुठे हात ठेवल्यावर आवाज बदलतो ते लिहून ठेवा.

तारांना काहीही लावू नका. तेल नाही, पाणी नाही, पॉलिश नाही.

पोर्तुगीज_कौल | ५ जुलै, सकाळी ७.५०

माझी एक शंका. आमच्याकडे तांब्याची भांडी चिंचेने नाहीतर बिंबलांनी घासली की लख्ख होतात. मग तारांवरचं तांबं तसंच घासलं तर? आवाज बद्द येतोय तो त्या काळेपणामुळेच असेल ना?

खुंटी_किल्ली | ५ जुलै, सकाळी ८.२०

कृपा करून असं करू नका. शंका बरोबर आहे, इलाज चुकीचा. ही तार म्हणजे आत पोलादाचा गाभा आणि त्यावर तांब्याचे वेढे. बिंबलाचं आंबट पाणी वेढ्यांच्या फटींतून आत शिरलं की बाहेर येत नाही. वरून तांबं चमकेल, आत पोलाद गंजेल. महिन्याभरात तार तुटली नाही तर नशीब.

रेती_आणि_मीठ | ५ जुलै, सकाळी ९.०५

याला माझी साक्ष. शिवोलीला आमच्या घरी पियानो आहे. चार वर्षांपूर्वी मी खर्जाच्या तारांवर गंज सोडवायच्या तेलाचा फवारा मारला. पहिल्या दिवशी तारा काळ्याभोर, सुंदर दिसल्या. आठवड्यात आवाज आधीपेक्षा मेला. त्याहून वाईट म्हणजे तेल ओघळत खुंट्यांपर्यंत गेलं. खुंट्या ज्या लाकडात घट्ट रुतलेल्या असतात ते लाकूड तेल प्यायलं आणि आता तिथल्या नऊ खुंट्या सूर धरत नाहीत. लावलं की संध्याकाळपर्यंत उतरतात. हे मी माझ्या हाताने केलंय, म्हणून सांगतो.

कंपनसंख्या | ५ जुलै, दुपारी २.३०

मी म्हापशाला भौतिकशास्त्र शिकवतो. या तारा अशा का असतात ते थोडक्यात सांगतो, पुढचं निदान समजायला सोपं जाईल.

तार जितकी लांब तितका सूर खाली. मधल्या ‘सी’ची तार साधारण ६० सेंटिमीटरच्या आसपास असते, त्याची कंपनं सेकंदाला सुमारे २६२. सगळ्यात डावीकडच्या ‘ए’ची कंपनं २७.५. नुसती लांबी वाढवून तिथे पोचायचं म्हटलं तर तार जवळजवळ सहा मीटर लांब लागेल, घरात मावणार नाही. लांबी तीच ठेवून पोलाद जाड केलं तर तार सळईसारखी ताठ होते आणि तिचे उपस्वर (मूळ सुरासोबत निघणारे वरचे बारीक सूर) बेसूर होतात. म्हणून पातळ गाभ्यावर तांबं गुंडाळतात. वजन वाढतं, पण वेढे स्प्रिंगसारखे सुटे असल्यामुळे तार लवचीकच राहते.

आता तुमच्या बद्द पट्ट्यांचं कारण दिसेल. वेढ्यांच्या मधे वर्षानुवर्षं धूळ, मेणाचा धूर, खारी दमट हवा आणि कळंक जाऊन बसला की वेढे एकमेकांना चिकटतात. तारेची लवचीकता जाते आणि वरचे उपस्वर मरतात. आपल्या कानाला खालचा सूर त्या उपस्वरांमुळेच ओळखू येतो, इतक्या खालचा मूळ सूर छोटा पियानो फारसा देतच नाही. म्हणून राहतो तो नुसता धप्प.

‘ई’च्या झणझणीसाठी एक चाचणी सुचवतो. तो ‘ई’ म्हणजे ८२.४ कंपनं, त्याच्या दुपटीचा उपस्वर १६५ च्या जवळ. समजा खोलीतली किंवा पियानोवरची एखादी वस्तू १६५ ला थरथरते. मग तिला हलवणारी ही एकटी पट्टी नसणार. वरच्या सप्तकातल्या ‘ई’चा मूळ सूरच १६५ आहे, डावीकडून ती बत्तिसावी पट्टी. आणि डावीकडून तेराव्या पट्टीचा ‘ए’ ५५ कंपनांचा, त्याची तिप्पटही १६५. या दोन्ही पट्ट्या वाजवा. त्यांच्यावरही झणझण आली तर बाहेरची वस्तू वाजतेय. फक्त विसाव्या पट्टीवरच आली तर संशय तारेवर.

तुमचा पियानो थोडा उतरलेला असेल, पण सगळा सारखाच उतरला असेल तर हिशेब तोच राहतो.

भात्याचा_माणूस | ५ जुलै, संध्याकाळी ६.१०

मास्तरांनी फार छान सांगितलं. मी पेट्या दुरुस्त करतो, पियानोला हात लावलेला नाही. पण आमच्याकडेही हेच चालतं. गिऱ्हाईक येतं, म्हणतं एक सूर झणझणतोय, सूर बदला. मी पेटी उघडतो, त्या पितळी सुराच्या, म्हणजे आवाज देणाऱ्या पत्तीच्या, फटीत केसाएवढं कुसळ अडकलेलं असतं. पातळ कागद सरकवून काढलं की सूर पुन्हा मोकळा. सूर बदलला असता तर शेजारच्या सुरांशी त्याचा आवाज कधी जुळला नसता. जुन्याची जागा नवा घेतो, पण त्याची गोडी त्याला येत नाही. ताई, घाई नको.

जाई_म्हार्दोळ | ६ जुलै, रात्री ८.४५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आणि आज मिळून जे केलं ते सांगते.

वरचं सगळं उतरवलं. झणझण तशीच. कंपनसंख्या सरांनी सांगितलेली तेरावी पट्टी वाजवली, आणि काय सांगू, तिथेही झणझण! इतके दिवस लक्षातच आलं नव्हतं. बत्तिसाव्या पट्टीवरही, बारीक. मग लेकीला बत्तिसावी वाजवायला बसवलं आणि मी हात दाबत फिरले. झाकण, बिजागऱ्या, फळी, काही फरक नाही. डाव्या पितळी हाताला धरलं आणि आवाज एकदम बंद. सोडला की चालू, धरला की बंद. त्याचा मागचा स्क्रू इतका ढिला होता की नखाने फिरला. दोन्ही हात काढून कपड्यात गुंडाळून ठेवले.

तेरावी आणि बत्तिसावी पट्टी आता स्वच्छ. पण विसावी अजून झणझणते. आधीपेक्षा कमी, तरी आहे. म्हणजे दोन चोर होते का?

खुंटी_किल्ली | ६ जुलै, रात्री ९.३०

हो, दोन. एक सापडला की दुसरा ऐकू येतो. जुन्या पियानोत असं नेहमी होतं, आणि पहिला सापडल्यावर माणूस ‘झालं’ म्हणून थांबतो. तुम्ही थांबला नाहीत, हे बरं केलंत.

आता खालची मोठी फळी काढा. पट्ट्यांच्या खाली मधोमध पोलादी स्प्रिंगची पट्टी असते, ती वर दाबली की फळीचा वरचा काठ पुढे येतो. फळी जड असते, दोघांनी धरा. आत टॉर्च मारून आधी तळ बघा: नाणी, पेन्सिली, केसांच्या पिना, पालीची अंडी, काही असेल ते काढा.

मग विसाव्या पट्टीच्या तारा शोधा. तिला दोन तारा असतील. एकीत जाड खोडरबर अडकवून ती गप्प करा आणि पट्टी वाजवा. मग दुसरी गप्प करून पुन्हा. झणझण कुठलीची ते कळेल. त्या तारेला खालून बोटाने छेडा, हातोडीशिवाय. तरीही झणझणली तर हातोडी आणि डँपर (पट्टी सोडल्यावर तार गप्प करणारी जाड लोकरी बनातीची गादी) निर्दोष.

शेवटची चाचणी. तांब्याचे वेढे जिथे सुरू होतात आणि जिथे संपतात त्या दोन टोकांना, एकेका वेळी, लाकडी काडीने हलकेच दाबा आणि कुणाला तरी वाजवायला सांगा. मग तारेच्या खालच्या अंगाला लाकडी घोडी दिसेल, तीत पिनांच्या जोड्या ठोकलेल्या असतात. तार दोन पिनांमधून नागमोडी जाते. त्या पिनांपाशी घोडीला तडा आहे का, पीन हलते का, ते बघा. हलवून बघायचं म्हणजे नखाने, पक्कडीने नव्हे.

जाई_म्हार्दोळ | ७ जुलै, रात्री १०.०५

खाली एक करकटक, तीन पेन्सिली, एक पोर्तुगीज अक्षरांतली पावती आणि मूठभर करड्या रंगाचा भुसा निघाला. भुसा म्हणजे बनातीचा चुरा असावा, कसर लागलेली दिसते.

तार सापडली! दोनांपैकी डावी. छेडली तरी झणझणते. वरच्या टोकाला काडी लावली, फरक नाही. खालच्या टोकाला, घोडीच्या जरा वर, लावली आणि झणझण गेली. दोन-तीनदा करून बघितलं. चष्मा लावून नीट पाहिलं तर तांब्याचा शेवटचा वेढा गाभ्यापासून केसभर सुटलाय. घोडीला तडा दिसत नाही, पिना घट्ट आहेत.

खुंटी_किल्ली | ७ जुलै, रात्री १०.३०

निदान झालं, आणि ते तुम्ही केलंत. वेढे सैल झालेत. तार बदलायची गरज नाही, तिला पीळ द्यायचा.

तार थोडी ढिली करायची, खालच्या खिळ्यावरून तिचा फास सोडवायचा, तांबं ज्या दिशेने गुंडाळलंय त्याच दिशेने फास अर्धा ते एक वेढा फिरवायचा आणि पुन्हा खिळ्यात घालायचा. गाभा आतून पिळला की वेढे त्याला आवळतात. उलट्या दिशेला फिरवलं तर आहेत ते वेढेही सुटतात. सांगायला दोन ओळी आहेत, पण हे स्वतः करू नका. एकेका तारेवर सत्तर-ऐंशी किलोचा ताण असतो, तार जुनी आहे, आणि किल्ली फिरवायची सवय नसेल तर खुंटीचं भोक मोठं होतं. येत्या रविवारी मला बोरीला एक काम आहे, तिथून येतो.

किणकिणीसाठी तोवर एक बघून ठेवा. घोडीच्या खाली, खिळ्यापर्यंत तारेचं जे शेपूट उरतं, तिथे तारांमधून विणलेली किंवा तारांखाली चिकटवलेली बनातीची पट्टी आहे का? खर्जातली पट्टी वाजवून सोडा आणि त्या शेपटांवर हात ठेवा.

जाई_म्हार्दोळ | ८ जुलै, सकाळी ७.१५

पट्टी नाही. खिळ्यांपाशी तिचे लाल धागे तेवढे उरलेत. हात ठेवला की किणकिण थांबते!! म्हणजे तो भुसा तिचाच.

कंपनसंख्या | ८ जुलै, सकाळी ९.४०

डँपर तारेचा बोलता भाग थांबवतो, घोडीपलीकडची शेपटं त्याच्या ताब्यात नसतात. बनात त्यांनाच गप्प ठेवायला असते. कसरीने ती खाल्ली म्हणून शेपटं मोकळी झाली.

जाई_म्हार्दोळ | १३ जुलै, रात्री ९.५०

काल रविवारी खुंटी_किल्ली दादा आले होते. सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पाच. जेवायलाही कसेबसे उठले. मी आणि लेक शेजारी बसून सगळं बघितलं. इतरांना उपयोग होईल म्हणून लिहून ठेवते.

आधी चष्मा घातला, मला आणि लेकीलाही घालायला लावला. जुनी तार तुटली तर डोळ्यावर येते म्हणून. विसाव्या पट्टीची डावी तार किल्लीने सव्वा वेढा सैल केली. खुंटीवरची कुंडली विस्कटू नये म्हणून ती डाव्या हाताच्या अंगठ्याने धरून ठेवली होती. मग वाकड्या टोकाच्या हुकाने खालचा फास खिळ्यावरून उचलला. फास सुटल्यावर तार एकदम मवाळ झाली, हातात साप धरावा तशी. त्यांनी टॉर्चखाली वेढ्यांची दिशा दोनदा पाहिली. मग लहान पक्कडीत फास धरला आणि हळू फिरवला. अर्धा वेढा. थांबले. अजून थोडा. बोटं सोडली असती तर पीळ उलटा निघून गेला असता, म्हणून पक्कड न सोडताच फास खिळ्यात बसवला. किल्लीने चढवत आणली. उजव्या तारेशी जुळवताना आधी दोन सुरांची भांडणं ऐकू येत होती, ‘वाव्-वाव्-वाव्’, ती हळूहळू लांबत गेली आणि मग थांबली. दादांनी लेकीला सांगितलं, आता वाजव. तिने वाजवलं. झणझण नाही. ती पुन्हा वाजवत राहिली, वेगवेगळ्या जोराने, सात-आठ वेळा. नुसता ‘ई’, खोल, गोल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगते.

मग बद्द तारा. एकेक सैल करून फास सोडवायचा, तारेचा मोठा वाक करायचा आणि तो वाक तारेवर वरपासून खालपर्यंत सरकवत न्यायचा. वेढे उघडतात, मिटतात, आणि मधून काळी भुकटी पडते. खाली पांढरा कागद अंथरला होता, पहिल्या तारेतूनच त्यावर चिमूटभर पडली. शेवटी कोरड्या फडक्याने पुसलं. ओलं काही नाही.

सहांपैकी चार तारा सुधारल्या. पहिल्यापेक्षा कितीतरी उजळ, आता ‘सी’ आणि ‘डी’ वेगळे ओळखू येतात. एकीत थोडाच फरक पडला. आणि एक, डावीकडून तिसरी, फास उचलतानाच मुळाशी तुटली. दादांनी आधीच बजावलं होतं की जुन्या तारांत एखादी जाईल. तिथे आतलं पोलाद तपकिरी झालं होतं, पावडरीसारखं.

लोटलीच्या आजींना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तो लाल पट्टा माझ्या वडिलांनी घातला होता.

खुंटी_किल्ली | १३ जुलै, रात्री १०.२५

तुटलेल्या तारेबद्दल मला वाईट वाटतं. पण ती आज ना उद्या जाणारच होती.

तिसऱ्या तारेची मापं घेतली आहेत: पोलादी गाभा १.४ मिलिमीटर, तांब्यासकट ५.२. मापांपेक्षा तुटलेली तारच नमुना म्हणून पाठवणं चांगलं. फासापासून तांबं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे करणाऱ्याला हुबेहूब मिळायला हवं. तांबं घोडीच्या पिनांवर चढलं तरी त्रास, फार आधी संपलं तरी सूर पातळ. शेपटांसाठी जाड लोकरी बनातीची नवी पट्टी पुढच्या वेळी विणून देतो. तोवर तिथे मऊ लोकरीचं कापड अडकवा.

ज्याने कुणी सगळ्या तारा बदलायला सांगितल्या, त्याच्याबद्दल एवढंच म्हणतो की खालची फळी न उघडता खर्जाचं निदान होत नाही. सगळा संच बदलायची वेळ येते, पण ती अर्ध्याहून जास्त तारा साफ करूनही मेलेल्याच राहिल्या तर.

भात्याचा_माणूस | १४ जुलै, सकाळी ६.४०

ताई, तुमचं वाचून एक आठवलं. तानपुऱ्याला आपण मुद्दाम जवारी लावतो. घोडीचा माथा घासून असा उतार द्यायचा की तार त्याला हलकी चाटत राहील, मग त्यात रेशमाचा धागा सरकवत नेमकी जागा शोधायची. ती झणझण म्हणजे तानपुऱ्याचा जीव. पियानोत घोडीशी तार नीट टेकली नाही तर तीच जवारी दोष ठरते. कुठल्या वाद्याला काय मानवतं ते त्या वाद्यालाच विचारावं लागतं. तुम्ही विचारलंत.

रेती_आणि_मीठ | १४ जुलै, दुपारी १२.१५

दादा, एक विचारतो. पावसाळ्यात आत बल्ब लावून ठेवायची जुनी पद्धत आहे, आमच्या काकांकडे होती. मी यंदा खाली एलईडी दिवा लावलाय. चालेल ना?

खुंटी_किल्ली | १४ जुलै, दुपारी १.००

एलईडीचा उपयोग नाही, तो फारसा तापत नाही. जुना तारेचा बल्ब ऊब द्यायचा, म्हणून ओल कमी व्हायची. पण तोही मी आता सुचवत नाही. बनात, कोरडं लाकूड आणि वर तापलेला बल्ब, शिवाय पावसात येणारी-जाणारी वीज. पियानोसाठी बनवलेली कमी तापमानाची उष्ण नळी मिळते, ओलावा बघून आपोआप बंद-चालू होणारी, ती बसवा. नाहीतर खोलीत ओल ओढणारं यंत्र चालवा. जुलैत आपल्याकडे हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास जाते, पियानोला चाळीस-पन्नास मानवते. तिथवर पोचणार नाही, पण साठ-पासष्ट जरी स्थिर राहिली तरी तारा आणि लाकूड दोन्ही टिकतं. चढउतार कमी असणं महत्त्वाचं.

अजून एक, जाईताईंनाही. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला पियानो टेकवू नका. ती भिंत पावसात घामेजते आणि साउंडबोर्ड नेमका मागच्या बाजूला उघडा असतो. वीतभर तरी पुढे घ्या, जमलं तर आतल्या भिंतीला लावा. कसरीसाठी कापराची पुरचुंडी आत टांगा, तारांना किंवा पॉलिशला टेकणार नाही अशी.

ब्रिटिश आणि जर्मन कंपन्या पूर्वी उष्ण देशांसाठी वेगळे पियानो बनवायच्या, सांधे नुसत्या सरसावर न सोडता पितळी स्क्रूंनी आवळलेले. तुमच्या शिवोलीच्या पियानोच्या आत पितळी स्क्रू दिसतात का बघा.

रेती_आणि_मीठ | १४ जुलै, रात्री ८.३०

दिसतात! हातोड्यांच्या रांगेच्या दोन्ही टोकांना. दिवा काढला. त्या नऊ खुंट्यांसाठी तुम्हाला वेगळा निरोप पाठवतो.

जाई_म्हार्दोळ | २४ ऑगस्ट, रात्री ९.००

धागा वर आणतेय, कारण दोघा-तिघांनी पुढे काय झालं विचारलं.

पियानो आतल्या भिंतीला घेतलाय. पितळी हात नवे स्क्रू आणि चामड्याची चकती घालून परत बसवले, आता थरथरत नाहीत. शेपटांत लाल पट्टा विणून झाला. किणकिण पूर्ण गेली. लेकीने लाल रंगच हवा म्हणून हट्ट धरला होता.

तिसरी तार दोन आठवड्यांपूर्वी आली. नवी तांब्याची, बाकी काळ्यांमध्ये लगेच डोळ्यांत भरते, आणि आवाजही शेजारणींपेक्षा उजळ आहे. कानाला टोचतं थोडं. दादा म्हणाले, वर्षभरात मवाळ होईल. ती ताणतेय अजून. दर चार दिवसांनी उतरते, आज सकाळी पाव सूर खाली होती. विसावी मात्र जिथे लावली तिथेच उभी आहे.

दादा, चवथीच्या आधी किल्ली घेऊन एकदा या. नेवऱ्या करून ठेवते.